मावशी सांगतात ते गाव

मावशींच्या खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्याला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक म्हणजे न्हाणीघरातली वाळू. ती आदल्या पाहुण्याची असते, त्याच्या आदल्याचीही असते, आणि मावशी रोज फरशी घासून काढतात तरी पायाला लागतेच. दुसरी म्हणजे मावशींचं सांगणं. पाहुणा नाश्त्याला बसला, त्याने चहाचा पहिला घोट घेतला, की मावशी फडक्याला हात पुसत समोर येऊन उभ्या राहतात आणि आज काय बेत म्हणून विचारतात. उत्तर ऐकायला त्या थांबत नाहीत. पाहुण्याचा बेत ठरलेला असला तर तो त्याच्यापाशी, मावशींचा त्याहून जास्त ठरलेला असतो.

मग गाव सुरू होतं. चार ठिकाणं, ठरलेला क्रम आणि ठरलेले शब्द. कुठे थांबायचं, कुठे बसायचं, कुठे काय विचारायचं, सगळं त्यात आलं. मावशी मध्ये हसतात ती जागासुद्धा ठरलेली. ऐकता ऐकता पाहुण्याचा चहा गार होतो, पण आजवर कुणी उठून गेलेलं नाही. मावशींच्या समोरून उठून जाणं तितकं सोपं नाही.

गाव तसं चिमुकलं. एकच उतरता रस्ता, त्याच्या तळाशी समुद्र. उजव्या हाताला बंदर, डाव्या हाताला लांबच लांब किनारा आणि त्यावर एकामागून एक येणाऱ्या लाटा. पूर्वी इथे लोक मासे पकडायचे. आता जगभरातून मंडळी लाटा पकडायला येतात, रबरी सूट घालून, काखेत लाटेवर उभं राहायचा आपल्याहून लांब बोर्ड धरून. मासे निदान घरी तरी नेता यायचे, असं मावशींचं या बाबतीतलं मत आहे. पण याच मंडळींच्या जिवावर खोल्या भरतात, म्हणून हे मत त्या पाहुण्यांसमोर मांडत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगायची तर ते सांगणं मावशींचं नव्हतंच. ते काकांचं, म्हणजे मावशींच्या यजमानांचं. काका बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे आणि सकाळी कामावर जाण्याआधी पाहुण्यांना गाव सांगून जायचे. नऊ वर्षांपूर्वी काका गेले. पंधरवड्याने पुन्हा खोल्या उघडल्या, तेव्हा पहिल्याच पाहुण्याने विचारलं की इथे बघण्यासारखं काय आहे, आणि मावशींनी तोंड उघडलं तर काकांची वाक्यं बाहेर आली. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. तेव्हापासून रोज तेच. ती पंधरा मिनिटं काका घरात असतात, असं मावशींना वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर सगळे त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले असते, आणि ते त्यांना सहन झालं नसतं.

त्या मात्र स्वतः त्या वाटेने पुन्हा गेल्या नाहीत. बाजार, बँक, दातांचा डॉक्टर, सगळं चढाच्या बाजूला. खाली उतरायचं म्हणजे परत चढावं लागतं, असं त्या म्हणायच्या. ते खरं होतं, पण एकटीने उतरायचं नव्हतं हे जास्त खरं होतं.

अशात एका पाहुण्याने घरी परतल्यावर इंटरनेटवर लिहिलं. खोल्यांची नोंदणी सून बघते, तिने ते रात्री जेवताना वाचून दाखवलं. गाद्या मऊ, मालकीणबाई प्रेमळ, नाश्ता भरपेट, पण मालकीणबाई सांगतात ते गाव इथे नाही. फोनवर नकाशा लावून चारही ठिकाणी गेलो, एकही सापडलं नाही.

सून वाईट नाही. आठ वर्षांत तिने सासूला उलट उत्तर दिलं असेल ते फक्त मिठाच्या प्रमाणावरून. तिने नरमाईनेच सुचवलं की आपण भिंतीवर छानसा नकाशा लावू, रंगीत, ज्यात आज जे आहे तेच असेल. "आई, तुम्हालाही रोजचा त्रास नको," असं ती वर म्हणाली, आणि तिथेच बिनसलं. मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्याच्या उद्या त्या स्वतः जाऊन बघून येतील, आणि चारातलं एक जरी ठिकाण जागेवर नसलं, तर परवापासून नाश्त्याला त्यांच्या तोंडून गावाबद्दल चकार शब्द निघणार नाही. नकाशा लावा नाहीतर पताका लावा.

मुलाने अशा वेळी नेहमी करतो तेच केलं, ताटात मान घातली. तो बंदराच्या टोकाला एका कारखान्यात लाटांनी मोडलेले बोर्ड सांधतो. मोडलेलं असं काही जोडतो की सांधा कुठे होता ते मालकालाही कळू नये. बोलायचं मात्र त्याच्या जिवावर येतं. घरात तो इतका कमी बोलतो की कित्येक पाहुण्यांना तो शेजारच्या खोलीत उतरलेला दुसरा पाहुणा वाटतो.

सकाळी तो डबा घेऊन गेला. त्याच्या पाठोपाठ मावशी निघाल्या. सुनेने पाण्याची बाटली दिली आणि कुणी पाहुणीने विसरलेली रुंद काठाची टोपी डोक्यावर ठेवली. आरशात बघून मावशी हसल्या. आता त्यांना फक्त कुणीतरी चहा पाजून गाव सांगायचं बाकी होतं.

पहिलं ठिकाण कोपऱ्यावरची बेकरी. तिथे गरम बन घ्यायचा, आणि तो चालता चालता खायचा, कारण बसून खाल्ला तर दुसरा घ्यावासा वाटतो. मावशी कोपऱ्यावर पोहोचल्या आणि उभ्याच राहिल्या. काचेमागे बोर्ड होते. पिवळे, निळे, ठिपक्यांचे. दारावर सूट लटकत होते. बेकरीचा मागमूस नव्हता. सुनेशी लावलेल्या पैजेतलं पहिलंच ठिकाण, आणि तिथेच निकाल लागला. मावशी परत फिरणार होत्या, पण चाळीस पावलं उतरून परत गेलं तर सून काय म्हणेल, या विचाराने त्या आत शिरल्या.

काउंटरमागे दाढीवाला दुकानदार होता. इथे बेकरी होती ना, एवढंच मावशींनी विचारलं. त्याने मान वर न करता काउंटरखालून पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यातला बन कागदात गुंडाळून पुढे केला.

"मावशींकडे उतरलात ना?" तो म्हणाला. "चालता चालता खा."

 मावशींनी हळूच विचारलं की हे काय प्रकरण आहे. दुकानदाराने खुशीत सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्याने दुकान घेतलं. पहिल्या दिवसापासून लोक आत येऊन बन मागायचे. तो नाही म्हणायचा आणि त्यांचे चेहरे असे पडायचे की जणू यानेच बेकरी खाऊन टाकली. शेवटी तो रोज सकाळी चढावरच्या दुकानातून दोन डझन बन आणून डब्यात ठेवू लागला. बन घ्यायला येतात आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण घेऊन जातात, त्याचं काही नुकसान नाही. फक्त कोण या मावशी, त्यांना एकदा भेटायचंय, म्हणाला. मावशींनी टोपी जरा पुढे ओढली आणि बाहेर पडल्या. बन गरम नव्हता, पण वाईटही नव्हता.

दुसरं ठिकाण म्हणजे जाळ्यांच्या शेडमागचा बाक. इथे दहा मिनिटं बसायचं आणि काहीही करायचं नाही, हे काकांचं वाक्य. काकांना स्वतःला दहा मिनिटं नुसतं बसणं जन्मात जमलं नव्हतं, म्हणून मावशी इथे हसायच्या.

शेड गेली होती. त्या जागी भाड्याच्या सुटांची धुलाई होती. मोठाल्या टबांत काळे सूट भिजत घातलेले, दोऱ्यांवर उलटे टांगलेले, त्यांच्या पायांतून पाणी ठिबकतंय. बाक कुठे दिसेना. पण सुटांच्या दोन रांगांच्या मध्ये, समुद्राकडे तोंड करून, कुठल्याशा गाडीतून काढलेलं मागचं आसन ठेवलेलं होतं. मावशी त्यावर टेकल्या. समोर रबरी पाय लोंबकळत होते आणि त्यांच्या फटीतून लाटा दिसत होत्या. एक मुलगी बोर्डवर उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि सरळ पाण्यात गेली. वर येऊन ती खदाखदा हसत होती. मावशींनाही हसू आलं.

धुलाईवाली बाई टब ढवळत कुरकुरत होती. कुणी एक मावशी आहेत म्हणे, त्या लोकांना इथे बसायला पाठवतात. दहा मिनिटं म्हणून येतात आणि तासभर हलत नाहीत, ह्यांना वळसे घालत मला काम करावं लागतं. पहिली दोन वर्षं हाकललं, मग हात टेकले आणि भंगारातून हे आसन आणलं. एवढं बोलून तिने न विचारताच मावशींच्या हातात चहाचा कप दिला. मावशींनी मुकाट्याने घेतला. आपण कोण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तिसरं ठिकाण धक्क्यावरचे आजोबा. धक्क्यावर जायचं, आजोबांना विचारायचं की आज समुद्र कसा आहे, आणि ते सांगतील तसं वागायचं. ते आजोबा काकांच्याही आधी म्हातारे होते. तिथे कुणी नसणार हे मावशींना आता न जाताच कळत होतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. इतकी वर्षं रोज सकाळी आपण एका मेलेल्या माणसाला ठणठणीत बसवून ठेवलं आणि चौकशीसुद्धा केली नाही.

धक्क्यावर लाटांवर उभं राहायला शिकवणारा एक तरुण बोर्ड पुसत बसला होता. वय तिशीच्या आतलं, केस उन्हाने पिवळट झालेले. मावशींनी विचारलं की बाबा रे, इथे एक आजोबा बसायचे ना?

"मीच तो," तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. किनाऱ्यावरून त्याच्या मित्राने हाक मारली तीसुद्धा "ए आजोबा" अशीच. पाहुणे येऊन आजोबा कुठे आहेत म्हणून विचारायचे, धक्क्यावर तो एकटाच असायचा, आणि समुद्राबद्दल विचारलं तर तो सांगायचा. होता होता सगळ्या गावाने त्याला आजोबा करून टाकलं. लग्न जमेनासं झालंय, असं तो म्हणाला, पण फारसा दुःखी दिसला नाही. मग डोळे बारीक करून त्याने समुद्राकडे पाहिलं आणि सांगितलं की भरती चढतेय, आज नवख्यांनी दुपारनंतर पाण्यात उतरू नये, तुम्ही मात्र पाय भिजवून जा. मावशींनी चपला काढल्या आणि आजोबांनी सांगितलं तसं केलं.

पाय पाण्यात होते आणि मन हिशोबात. तीन ठिकाणं, तिन्ही गेलेली. पैज हरण्याचं एवढं काही नव्हतं. पण उद्या सकाळी पाहुणे बसतील, चहा ओतला जाईल, आणि आपण गप्प उभ्या राहू. काकांची ती पंधरा मिनिटं संपली.  तरी त्या चपला हातात घेऊन बंदराकडे चालू लागल्या. तीन बघितली तर चौथंही बघून टाकायचं.

चौथं ठिकाण बंदराच्या टोकाला. तिथे जुनं गोदाम होतं, दगडी, उंचच उंच. त्याच्या समोर कठड्याशी उभं राहायचं आणि मनातल्या माणसाला हाक मारायची. भिंत हाक परत देते.

गोदाम नव्हतं. तिथे मोकळं मैदान होतं, पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या. मैदानापलीकडे बोर्डांचा कारखाना, म्हणजे मुलाचं काम. वाऱ्याला अडवायला काहीसुद्धा नव्हतं, हाकेचं तर सोडाच. मावशी कठड्याशी उभ्या राहिल्या. आसपास कुणी नाही बघून त्यांनी टोपी काढली. उत्तर येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नऊ वर्षांत एकदाही हाक मारली नव्हती, आणि आज मारली नाही तर पुढे कधी मारणार.

"अहो!"

"ओ!"

आवाज काकांचा होता. तसाच किंचित लांबवलेला, कुठल्यातरी इंजिनाखालून डोकं बाहेर न काढता दिलेला. मावशींना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना राग आला, की इतके दिवस होतात कुठे. त्यांनी कठडा घट्ट धरला.

मग त्यांनी वर पाहिलं. कारखान्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत मुलगा उभा होता. केसांपासून कोपरापर्यंत बोर्ड घासल्याची पांढरी भुकटी, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

तो खाली आला. मावशी काही बोलल्या नाहीत, त्यामुळे त्यालाच बोलावं लागलं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच सलग इतकं बोलला. काका गेले त्याच वर्षी गोदाम पाडलं. थोड्या दिवसांनी एक जोडपं आलं आणि मैदानाकडे तोंड करून हाका मारू लागलं. उत्तर येईना. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. ते त्याला खिडकीतून बघवेना, म्हणून त्याने हाक परत दिली. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी आलं. तेव्हापासून रोज. लोक नावं घेतात, कुणी आई म्हणतं. एकाने आपल्या साहेबाला सणसणीत शिवी हासडली, तीही त्याने जशीच्या तशी परत केली. तो रजेवर असला की रंगकाम करणारा साथीदार देतो, पण त्याचा घसा बसका आहे, त्या दिवशी पाहुणे म्हणतात की भिंतीला सर्दी झालीय.

"मग माझ्या हाकेला 'ओ' का दिलीस?" मावशींनी विचारलं. "अहोला अहो परत द्यायचं."

"बाबांनी अहो म्हटलं नसतं," तो म्हणाला.

मावशींनी त्याच्या केसांतली भुकटी झटकली, आणि ती आपल्या डोळ्यांत गेली असं दाखवलं. मग सांगितलं की पैज हरले, चारातलं एकही जागेवर नाही, उद्यापासून सांगणं बंद. मुलाचा चेहरा उतरला. तो लहानपणी उतरायचा अगदी तसा.

"मग मी कुणाला ओ देऊ?" तो म्हणाला. "दिवसभरात तेवढ्यापुरता मला बाबांचा आवाज ऐकायला मिळतो, आई."

 दोघं कठड्यावर बसून राहिले. त्याने डबा आणला, दोघांनी मिळून खाल्ला, आणि मग जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

संध्याकाळी मावशींनी सुनेपुढे सगळं मांडलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. डब्यातला बन, गाडीचं आसन, तिशीच्या आतले आजोबा, सगळं सांगितलं, आणि शेवटी तिच्या नवऱ्याचंही सांगितलं. सून आधी पोट धरून हसली. मग शेवटचं ऐकून हसायची थांबली. एवढंच म्हणाली की घरात मीठ मागायलाही हा तोंड उघडत नाही. मावशींनी सांगितलं की पैज म्हणजे पैज, मी शब्द देऊन बसलेय, नकाशा लाव. सून उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोन मैत्रिणी होत्या, आदल्या रात्री उशिरा आलेल्या. मावशींनी चहा ओतला आणि ओठ घट्ट मिटून भांड्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवर नकाशा दिसत नव्हता. मैत्रिणींपैकी एकीने विचारलं की इथे बघण्यासारखं काय आहे. मावशींनी फडकं पिळायला घेतलं, कोरडं होतं तरी.

सुनेने फडक्याला हात पुसले आणि टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"कोपऱ्यावर बेकरी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला बोर्डांचं दुकान दिसेल, फसू नका, आत जाऊन बन मागा. तो चालता चालता खायचा. बसून खाल्ला तर दुसरा घ्यावासा वाटतो."

मावशींचे हात थांबले. आठ वर्षं स्वयंपाकघरातून पोरीने सगळं ऐकलं होतं. ओल्या सुटांमधलं आसन, दहा मिनिटं बसायचं आणि काहीही करायचं नाही, आणि त्या वाक्यानंतरचं हसूसुद्धा तिने सोडलं नाही. धक्क्यावरचे आजोबा वयाने लहान दिसतील, पण त्यांचं ऐकायचं, असं तिने बजावलं. मग ती बंदराच्या टोकाला पोहोचली.

"तिथे कठड्याशी उभं राहायचं आणि मनातल्या माणसाला हाक मारायची. उत्तर येतं."

एका मैत्रिणीने विचारलं की तिथे डोंगर आहे का, की भिंत. सून म्हणाली, काहीच नाही. मग उत्तर कोण देतं, असं त्या मैत्रिणीने विचारलं.

सुनेने एकदा सासूकडे पाहिलं.

"माझे सासरे," ती म्हणाली.

दोघी मैत्रिणींना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यांनी मान डोलावली. मावशींनी मात्र तिथे, सगळ्यांदेखत, आपला शब्द मोडला.

"जेवायच्या सुट्टीत तेवढं जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तोंडात घास असला की त्यांना ओ देता येत नाही."